निम्मे कारखान्याचे, निम्मे निसर्गाचे

पावसाळी मासेमारीबंदी उठली आणि ऑगस्ट २०२१च्या अखेरीस पालघर तालुक्यातल्या मुरब्याच्या एका बोटीला १५७ घोळी लागल्या. त्यांचा सौदा १ कोटी ३३ लाखांना झाला. हा भाव मासळीचा नव्हता, बोताचा होता. बोत म्हणजे माशाच्या पोटातली, कण्याला लगटून असलेली हवेची पिशवी. वसईच्या पाचूबंदरापासून अर्नाळा, सातपाटी, मुरब्यापर्यंत घोळ फाडताना सुरी कुठे थांबवायची हे ठरते ते या पिशवीसाठी, कारण ती फाटली तर भाव पडतो. वाळली की ती पिवळट, अर्धपारदर्शक आणि शिंगासारखी कडक होते, मग हाँगकाँग-सिंगापूरच्या वाटेला लागते. बातम्यांत दर वेळी एक वाक्य ठरलेले असते, की ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके यापासून बनतात. ते जपूनच घ्यावे. आजचे विरघळणारे टाके बहुतांशी कृत्रिम पॉलिमरचे असतात आणि जुना कॅटगट मेंढीच्या नाहीतर गाईच्या आतड्याचा. घोळीचे बोत मुख्यतः चिनी स्वयंपाकघरात सुपात शिजते.

तरीही बोतात विज्ञानाच्या कामाचे काहीतरी आहेच. त्यातले प्रथिन मुख्यतः कोलॅजेन असते, आणि कोलॅजेन हा स्वतःच स्वतःला रचणाऱ्या पदार्थांचा मूळपुरुष म्हणावा असा रेणू आहे. ताजे, नीट धुतलेले बोत बारीक करून थंडीत पातळ अ‍ॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लात, ठेवले तर त्याचे दाटसर, जवळजवळ पारदर्शक द्रावण होते. त्यात कोलॅजेनचे रेणू सुटे तरंगत असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी दीड नॅनोमीटर. आता आम्ल उदासीन करायचे आणि भांडे हलकेच कोमट करायचे. थोड्या वेळात द्रावण दुधाळ होते, मग थरथरते जेल. कुणी काही जोडले नाही, डिंक घातला नाही. रेणू एकमेकांशेजारी ठरावीक अंतराने सरकून उभे राहिले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या तंतूंवर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो. आपल्या कातडीत आणि हाडांतही हेच पट्टे आहेत.

या रेणूची तीन पेडांची रचना मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५मध्ये मांडली. अभ्यासाला त्यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा मागवली होती. साखळीतले दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन, कारण पेडांच्या मधोमध दुसऱ्या कशाला जागाच नाही. मासा ज्या पाण्यात राहतो त्यावर त्याच्या कोलॅजेनची उष्णता सोसण्याची शक्ती अवलंबून असते. थंड पाण्यातल्या कॉडचे कोलॅजेन १५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उलगडते, गाईचे ४० अंशांच्या आसपास, आणि उष्ण समुद्रातल्या माशांचे ३०च्या घरात. आपल्या किनाऱ्याला हा एक नैसर्गिक फायदा आहे. चीनमधल्या प्रयोगशाळांनी घोळीच्याच कुळातल्या क्रोकर माशांच्या बोतातून कोलॅजेन वेगळे करून त्याचे गुण मोजले आहेत.

पण म्हणून घोळीचे बोत प्रयोगशाळेकडे वळवावे असे माझे म्हणणे नाही. ज्या वस्तूला खाणारा एवढी किंमत मोजतो ती विरघळवून जेल करणे आतबट्ट्याचे. शिवाय उघड्यावर उन्हात वाळवलेले बोत वैद्यकीय कामाला चालत नाही. त्यासाठी मासा कोणता, कुठे पकडला, बोटीवर किती थंडीत ठेवला याची नोंद लागते. कच्चा माल हवाच असेल तर बाजारात रोज फुकट जाणारे खवले आणि कातडी पुरेशी आहे. गुजरातने नोव्हेंबर २०२३मध्ये घोळीला राज्यमासा केले, आपण त्याच वर्षी पापलेटला. दोन्ही मासे आधीच विरळ झालेत, हे निर्णयापेक्षा जाळ्यांत जास्त स्पष्ट दिसते.

तर प्रश्न असा आहे. निसर्गाची प्रथिने रचना करण्यात तरबेज, पण हट्टी. प्रत्येक खेपेला थोडी वेगळी, प्राण्याकडून आलेली, आणि आपल्याला हवा तो बदल सहज करू न देणारी. उलट रसायनशाळेत जोडलेले पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, अगदी आज्ञाधारक असते. कुठले अमिनो आम्ल कुठे बसवायचे ते आपण ठरवतो. मग या दोघांना एकत्र आणून नॅनोमीटरच्या मापाची, स्वतःच जुळणारी रचना करता येईल का? गेली तीसेक वर्षे या प्रश्नावर काम चालू आहे आणि उत्तर एकसारखे नाही.

आज्ञाधारकपणाची किंमत आधी पाहू. पेप्टाइड जोडण्याची आजची रीत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३मध्ये दिली. रेझिनच्या मण्याला पहिले अमिनो आम्ल बांधायचे, मग एकामागून एक पुढचे, आणि दर फेरीनंतर मणी धुवायचे. या कामासाठी त्यांना १९८४चे नोबेल मिळाले. रीत सोपी वाटते, गणित निर्दयी आहे. प्रत्येक जोडणी ९९ टक्के नीट झाली तरी ३० जोडण्यांनंतर बरोबर साखळ्या ७४ टक्के उरतात, १००नंतर फक्त ३७ टक्के. उरलेला कचरा दिसायला हुबेहूब मालासारखा असतो, तो वेगळा काढण्यातच पैसा जातो. म्हणून कारखान्यातली पेप्टाइडे आखूड असतात आणि शंभर-दोनशे अमिनो आम्लांचे प्रथिन जिवाणूकडून किंवा यीस्टकडून करून घेणे परवडते. हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. नवी मुंबईतल्या तुर्भ्याला पेप्टाइडची औषधे बनवणारी हेम्मो फार्मास्युटिकल्स ही कंपनी १९६६पासूनची. पिरामल फार्माने २०२१मध्ये ती ७७५ कोटी रुपयांना घेतली.

आखूड पेप्टाइडे नुसती एकटीच जुळतात, हे कळले ते काहीसे योगायोगाने. एमआयटीतले शुगुआंग झांग यीस्टमधल्या एका प्रथिनाचा अभ्यास करत होते. त्यातला १६ अमिनो आम्लांचा तुकडा, पाणी आवडणारे आणि पाणी टाळणारे घटक आलटूनपालटून असलेला, क्षाराच्या पाण्यात टाकताच पापुद्र्यासारखा जमून आला. १९९३मध्ये हे छापून आले. त्याचीच पुढची आवृत्ती, आरएडीए-१६, आज आतड्यात नळी घालून केलेल्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला वापरली जाते, पुरास्टॅट या नावाने. १९९३मध्येच रेझा घादिरी यांनी वलयाकार पेप्टाइडांच्या नळ्या केल्या. २००१मध्ये सॅम्युएल स्टप यांनी पेप्टाइडला चरबीची शेपटी लावून तंतू केले. २००३मध्ये एहुद गाझित आणि मैताल रेचेस यांनी अल्झायमरच्या चिकट प्रथिनाचा गाभा, फक्त दोन फेनिलअलनिन, घेऊन त्यांच्याही नळ्या बनतात हे दाखवले. यादी आणखी लांबवता येईल. बाजारात पोचलेले उदाहरण हवे तर लॅनरिओटाइड पाहा. आठ अमिनो आम्लांचे हे औषध पाण्यात २४ नॅनोमीटर व्यासाच्या एकसारख्या नळ्या करते, त्यामुळे टोचल्यावर ते जेलसारखे जागीच बसून महिनाभर हळूहळू सुटते. मुंबईच्या सिप्लाला या औषधाची अमेरिकी परवानगी डिसेंबर २०२१मध्ये मिळाली.

ही रचना नेमकी कोण करते, असा प्रश्न वाचकाला पडेल. विरार लोकलच्या डब्यात दादरपासून लोक कसे उभे राहतात ते आठवा. कुणी सूचना देत नाही. बोरिवलीला उतरणारा, आत सरकणारा, दाराशी टेकणारा, प्रत्येकजण शेजारच्याच्या रेट्याप्रमाणे हलतो आणि अंधेरीपर्यंत घट्ट, ठरावीक रचना तयार झालेली असते. रेणूंतही पाण्यापासून पळणारे भाग आत, विद्युतभार असलेले बाहेर, आणि हायड्रोजनचे बंध शेजाऱ्याचा हात धरतात. हा डाव उलटवणेही सोपे असते, तापमान किंवा आम्लता बदलली की रचना मोडते.

आता मिलाफ. एक मार्ग असा की पेप्टाइडच्या तंतूंनी सांगाडा उभा करायचा आणि प्रथिनाला त्यावर स्वार करायचे. अमेरिकेत जोएल कॉलियर आणि ग्रेगरी हुडाला यांनी २०१४मध्ये हे फार नेटकेपणे केले. जिवाणूकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाला त्यांनी एक शेपटी जोडली. ती आधी गुंडाळलेल्या मळसूत्रासारखी राहते आणि नंतर सपाट पट्टीत बदलते. पट्टी झाली की ती कृत्रिम पेप्टाइडच्या तंतूत आपली जागा घेते. तीन वेगळ्या रंगांची चमकणारी प्रथिने हव्या त्या प्रमाणात एकाच तंतूवर बसवून त्यांनी रंगाची छटासुद्धा ठरवून दाखवली. प्रथिनाचे काम बिघडले नाही, हे त्यात महत्त्वाचे. तेव्हा ऑक्सफर्डला असलेल्या मार्क हॉवर्थ यांचा २०१२चा स्पायटॅग हाही याच घराण्यातला. १३ अमिनो आम्लांचा तुकडा आपल्या जोडीदार प्रथिनाला भेटला की कायमचा बंध आपोआप तयार होतो.

दुसरा मार्ग दोघांना समोरासमोर आणून सोडून देण्याचा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात अल्वारो माटा यांच्या गटाने २०१५मध्ये इलॅस्टिनसारखे प्रथिन आणि चरबीची शेपटी असलेले पेप्टाइड एकत्र आणले. एकाच्या द्रावणात दुसऱ्याचा थेंब सोडला की सीमेवर पडदा धरतो, आणि तो पृष्ठभागाला टेकला की उघडून नळी होते, जी ओढून वाढवता येते, फांद्या काढता येतात. पुढे नॉटिंगहॅमला त्यांनी रुग्णाच्याच रक्तात पेप्टाइड मिसळून हाड भरून येण्यासाठी साहित्य केले. २०२४ची ही गोष्ट, प्रयोग उंदरांच्या कवटीवर. मला या सगळ्या क्षेत्रात ही कल्पना सर्वांत शहाणी वाटते, कारण प्रथिन कुठल्या प्राण्याचे हा प्रश्नच तिने काढून टाकला.

तिसरा मार्ग कोलॅजेनचा. जेफ्री हार्टगेरिंक यांनी २०११मध्ये ३६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड तीन पेडांत, मग तंतूंत, मग जेलमध्ये चढवून दाखवले, म्हणजे खऱ्या कोलॅजेनच्या सगळ्या पायऱ्या. मायकेल यू यांनी एकपेडी पेप्टाइड वापरले. इजा झालेल्या ऊतीत जिथे नैसर्गिक कोलॅजेनचे पेड सुटलेले असतात तिथेच ते जाऊन विणले जाते. दुरुस्तीपेक्षा इजा कुठे आहे ते दाखवायला सध्या ते उपयोगी पडते.

एवढे वाचून कुणालाही वाटेल की कातडी, कूर्चा, मज्जारज्जू यांची दुरुस्ती दाराशी आली आहे. तसे नाही. या सगळ्याचे सर्वांत मोठे यश भलत्याच ठिकाणी आहे आणि ते पुण्यात तयार होते.

ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटने आखलेली आर-२१ ही मलेरियाची लस पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट बनवते. तिची रचना पाहण्यासारखी आहे. मलेरियाच्या परजीवीच्या अंगावरच्या प्रथिनात अ‍ॅस्परॅजिन-अ‍ॅलनिन-अ‍ॅस्परॅजिन-प्रोलिन हा चौकडीचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो धागा हेपटायटिस-बीच्या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाला जोडला. हे जोडप्रथिन यीस्टच्या पेशीत बनते आणि आपणहून साधारण २० नॅनोमीटरचे गोल कण रचते, बाहेरून काटेरी, पण आत विषाणू नाही. जीएसकेच्या जुन्या आरटीएस-एस लसीत अशा जोडप्रथिनाबरोबर भरपूर नुसते आवरण-प्रथिनही मिसळलेले असते, म्हणून परजीवीचे काटे विरळ. आर-२१मध्ये सगळेच प्रथिन जोडलेले, काटे दाट. इथला चौकडीचा धागा रेझिनच्या मण्यावर नाही, जनुकातून आलेला आहे, त्यामुळे काटेकोर व्याख्येने कुणी त्याला कृत्रिम पेप्टाइड म्हणणार नाही. मला तो वाद बिनकामाचा वाटतो. आखूड तुकडा आपण निवडायचा, रचना नैसर्गिक प्रथिनाकडून करवून घ्यायची, हे तत्त्व तेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २ ऑक्टोबर २०२३ला आर-२१ची शिफारस केली. मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षी हंगामी मलेरियाच्या भागांत ७५ टक्के आणि वर्षभर मलेरिया असणाऱ्या भागांत ६८ टक्के संरक्षण दिसले. एका डोसची किंमत चार डॉलरच्या आत. १५ जुलै २०२४ला आयव्हरी कोस्टमध्ये ती प्रथम नियमित लसीकरणात आली. सिरमचीच सर्व्हाव्हॅक ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस, जानेवारी २०२३मध्ये आलेली, त्याच जातीची. विषाणूच्या एका प्रथिनाचे ३६० रेणू जमून रिकामा कण करतात. दक्षिण कोरियाने जून २०२२मध्ये मान्य केलेली कोविडची लस याहून एक पाऊल पुढे आहे, तिचा सांगाडा निसर्गात नाहीच. वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकावर तो आखला आणि त्यावर विषाणूचे ६० तुकडे बसवले. त्याच विद्यापीठाच्या डेव्हिड बेकर यांना २०२४चे नोबेल मिळाले.

लसीतच हे का जमले? आपली प्रतिकारशक्ती ओळीत, सारख्या अंतरावर आलेल्या वस्तूला घाबरते. विषाणू तसाच दिसतो. त्यामुळे काही नॅनोमीटरच्या अंतराने तोच तुकडा मांडला की प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी जाग्या होतात. कॉलियर यांनी तर दाखवले की पेप्टाइडच्या तंतूवर बसवलेला तुकडा वेगळे उत्तेजक रसायन न घालताही प्रतिपिंडे जागवतो. आणि नेमके इथेच ऊती दुरुस्त करणाऱ्यांचे घोडे अडते. लसीचा गुण तो इथे दोष. हाडात किंवा मज्जारज्जूजवळ महिनोन्महिने बसणाऱ्या जेलवर एखादे नैसर्गिक प्रथिन सुबक ओळीत मांडून ठेवले तर शरीर त्याच्याविरुद्ध, आणि कदाचित स्वतःच्या तशाच प्रथिनाविरुद्ध, उभे राहू शकते. नुसती पेप्टाइडे बहुधा सोसली जातात, मिलाफाची परीक्षा कठीण असते.

दुसरी धास्ती अमायलॉइडची, म्हणजे प्रथिनांच्या चिवट तंतुमय गाठींची. पेप्टाइडच्या तंतूंची सपाट-पट्टीची घडण अल्झायमर-पार्किन्सनच्या गाठींसारखीच आहे. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचे काम इथे उपयोगी पडते. पिट्युटरी ग्रंथी काही संप्रेरके अमायलॉइडच्याच रूपात साठवते, हे त्यांनी परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर २००९मध्ये दाखवले. म्हणजे घडण वाईट नाही, ती कुठे आणि किती काळ राहते हा प्रश्न. पुढे त्यांच्या गटाने अल्झायमरशी जोडलेल्या प्रथिनातलेच तुकडे घेऊन मूळपेशी वाढवण्यासाठी जेल केले, २०१५मध्ये.

पुण्याच्या आयसरमध्ये एच. एन. गोपी निसर्गात नसलेली, लांबट कण्याची अमिनो आम्ले घालून पेप्टाइडांना नवी वळणे देतात. तिथेच ब्रिट्टो संदनराज यांनी प्रथिनाच्या नेमक्या एका जागी पाणी टाळणारी कृत्रिम शेपटी बसवली, आणि एरवी सुटे राहणारे प्रथिन गोल कणांत जमू लागले. या दिशेची जुनी वाट पी. बालराम यांची. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या बालराम यांनी बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत एआयबी नावाचे, बुरशीच्या पेप्टाइडांत सापडणारे अमिनो आम्ल घालून आखूड साखळ्यांना मळसूत्रात बसवायची विद्या पक्की केली. आज ज्याचा गाजावाजा आहे त्या सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधातही एआयबी आहे, तिथे ते साखळी कापणाऱ्या विकराला रोखते. त्या औषधाची साखळी मुख्यतः यीस्ट बनवते, चरबीची शेपटी रसायनशाळा लावते, आणि शरीरात गेल्यावर ती शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून आठवडाभर टिकते. निम्मे कारखान्याचे, निम्मे निसर्गाचे, ही कल्पना बाजारात कुठे रुजली असेल तर इथे. नॅनो हा शब्द त्याच्या खोक्यावर नाही.

रेशमाबद्दल थोडे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून निघालेली सेरीजेन ही अनुया निसळ यांची कंपनी रेशमाच्या फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडाच्या पोकळीत भरायचे साहित्य करते. गडचिरोली-भंडाऱ्याच्या कोसा रेशमाकडे मात्र अजून पुरेसे लक्ष नाही. तसर किड्याच्या फायब्रॉइनमध्ये पेशींना चिकटवणारा आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा तुकडा मुळातच आहे. तुतीच्या रेशमावर तोच तुकडा पेप्टाइड म्हणून बाहेरून बसवावा लागतो. गडचिरोलीतल्या आरमोरीच्या कोशात निसर्गाने आधीच मिलाफ करून ठेवला आहे असे म्हणायला हरकत नाही.

माझे मत असे. लस आणि हळूहळू सुटणारी इंजेक्शने या दोन कामांत स्वतः जुळणाऱ्या रचना सिद्ध झाल्या आहेत. रक्त थांबवण्यात त्या कामाच्या आहेत. ऊती नव्याने वाढवण्याचे दावे बहुतांशी उंदरांपाशी थांबलेले आहेत, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कोलॅजेनच्या पावडरीचा या विज्ञानाशी काही संबंध नाही. ती पोटात पचते, जुळत नाही.

वसई-विरारच्या महाविद्यालयांतून दर वर्षी रसायनशास्त्राचे आणि जैवतंत्रज्ञानाचे पदवीधर बाहेर पडतात. यांतले बरेच तारापूरच्या औषध कारखान्यांकडे किंवा लोकलने मुंबईकडे जातात. या विषयात येऊ पाहणाऱ्यांना एकच सांगणे आहे. रसायनवाल्यांनी एकदा तरी जिवाणूकडून प्रथिन बनवून घ्यावे, आणि जैववाल्यांनी रेझिनच्या मण्यावर निदान पाच अमिनो आम्ले स्वतःच्या हाताने जोडावीत. दोन विभागांच्या मधली भिंत तशीच ठेवून हे काम शिकता येत नाही.